रडण्याचा जबाब

१

ज्योतिबा गेला त्या सकाळी आमच्या सोसायटीत पहिली ओरड झाली ती पाणी नाही म्हणून. माणूस खाली ओट्यावर मरून पडलाय आणि चौथ्या मजल्यावरून आमची शेजारीण नंदिनी विचारतेय, "अहो, अर्ध्या अंघोळीत पाणी गेलं, कोणी बघतंय का?"

मी वैदेही कोरगावकर. वय त्रेपन्न. नेरूळच्या शाळेत मराठी शिकवते. माझ्या जिभेला हाड नाही असं सोसायटीत म्हणतात. म्हणू देत. सत्त्याण्णव सालच्या फेब्रुवारीतली ही गोष्ट आहे, आणि ती सांगताना मी आवाज खाली आणणार नाही.

ज्योतिबा आमचा वॉचमन, आणि पंपही तोच चालवायचा. राहायला पलीकडच्या शिरवणे गावात. आज जिथे आमचं पार्किंग आहे तिथे त्याच्या बापाचं भाताचं शेत होतं. तो हे कधी बोलून दाखवायचा नाही. म्हणून मी दाखवते.

ओट्यापाशी सेक्रेटरी सुधीर देवस्थळी उभे होते. येणाऱ्या प्रत्येकाला ते तेच सांगत होते. "साडेसहाला मी फिरून आलो, तर हा असा पडलेला." ज्योतिबाच्या अंगावर चादर होती, उशाशी आईनं दिलेला डबा, तोंडाशी थोडा फेस.

नंदिनी खाली आली, तिनं पदर तोंडाला लावला, हळहळली. मग हळूच म्हणाली, "पंपाचं बटण मी दाबून येऊ का? मंगळवारी याची सुट्टी असते तेव्हा आपणच दाबतो की."

"नको! अजिबात नको!" देवस्थळी एवढ्यानं ओरडले की सगळे वळून बघायला लागले. मग आवाज उतरवून म्हणाले, "मयत झालंय सोसायटीत. आदर म्हणून आज पाणी सोडायचं नाही. मी नोटीस लावलीय."

"खरंच हो," कोणीतरी म्हणालं, "माणुसकी आहे तुमच्यात." मलाही त्या घडीला तसंच वाटलं. सांगायला लाज वाटते.

तेवढ्यात गेटातून गोजरा आली. ज्योतिबाची आई. अनवाणी, केस मोकळे, शिरवण्यापासून पळत आलेली. मुलाच्या अंगावर पडली आणि तिनं जो सूर काढला तो अजून माझ्या कानांत आहे.

"आरं माज्या बालाऽ, मीच तुला मारला रंऽ! माज्या हातचा घास तुला खाऊन गेला रंऽ! ताटान इख मीच घातला रं माज्या राजाऽ, आता मना कोन आय बोलंल रंऽ!"

बाल्कन्यांतून माणसं ऐकत होती. आठ-दहा घरं, सगळी शिकलेली, सगळी पगारदार. हवालदार वही उघडून आला. देवस्थळी त्याच्या कानाशी लागले. मी दोन हातांवर होते, त्यामुळे मला ऐकू आलं.

"ऐकलंत ना साहेब, म्हातारी काय म्हणाली? विष घातलं म्हणाली. आम्ही सगळे साक्षीला आहोत."

२

दुसऱ्या दिवशी दुपारी स्टाफरूमच्या दारात उन्नती उभी. ज्योतिबाची मुलगी, माझ्याच दहावीच्या वर्गात. आई तिची कधीच गेली. बाप काल गेला.

"बाई, आजीला पोलीस घेऊन गेले." ती रडत नव्हती. "आजीनं पप्पांना विष दिलं असं म्हणतात. घरात मी एकटीच आहे."

मी हातातले पेपर टेबलावर आपटले आणि रिक्षा केली.

फौजदार तसा वाईट माणूस नव्हता. त्यानं खुर्ची दिली, चहा मागवला. पण समोर कागद होता आणि कागदावर आठ सह्या होत्या. 'मयताच्या आईने आमच्या समक्ष, मीच मारले, जेवणात विष घातले, असे मोठमोठ्याने सांगितले.' आठातली तिसरी सही नंदिनीची.

"पोस्टमॉर्टेममध्ये काय निघालं?" मी विचारलं.

"नक्की काही नाही. डॉक्टरांनी मत राखून ठेवलंय. व्हिसेरा लॅबला पाठवलाय, दोन-तीन महिने लागतील. पण मॅडम, बाई स्वतःच्या तोंडानं म्हणतेय. मी काय करू?"

"तिचा मुलगा मेलाय! ती रडत होती!"

"रडत होती, पण बोलली ना?"

माझं डोकं फिरलं. "साहेब, उद्या तुमची बायको म्हणाली की या पोरांनी माझा जीव घेतला, तर पोरांना बेड्या घालाल? आईनं ओरडून सांगितलं 'तंगडं तोडीन', तर तंगडं जप्त कराल? कोण बोललं, कुठे बोललं, कोणापुढे बोललं, काही बघाल की नाही? आमच्या सातवीच्या पोरांना कळतं हे!"

त्यानं शांतपणे कागद फिरवला. "तुमचं म्हणणं पटतंय. पण उद्या अकराला तिला कोर्टात उभी करायची आहे. माझ्याकडे आठ शिकलेले साक्षीदार आहेत. तुमच्याकडे काय आहे?"

आत बाकावर गोजरा पाय पोटाशी घेऊन बसली होती. मला बघून उठली.

"बाय, मना घरी जाव दे. पोर एकली हाय."

"गोजराबाई, तुम्ही म्हणालात का, की विष मी घातलं?"

"बोलली." ती माझ्याकडे असं बघायला लागली की जणू मीच खुळी आहे. "माजा पोर मेला. नाय बोलू तर काय करू?"

पलीकडे फौजदारानं पेन उचललं आणि तेही लिहून घेतलं.

३

तिथून उठले ती तडक शिरवण्याला. गोजराच्या शेजारी दुर्गाबाई राहते, ऐंशीच्या घरातली, पण आवाज खणखणीत. मी विचारलं आणि तिनं कपाळावर हात मारून घेतला.

"कोनची आय गो पोराच्या मयताला सोताला दोस देत नाय? गोजराचा दादला सापानं मेला, तवा ती रडली, 'मीच नागीन झाली न् तुला डसली.' मग काय ती नागीन हाय? माजी पोर तापानं गेली, मी रडली, 'मीच तुला उनान टाकली.' आमच्याकरं अशीच रडतान. जी दुसऱ्याला दोस देल तिला लोका नावा ठेवतान."

"हे पोलिसांना कोणी सांगितलं नाही?"

"आमाला कोन विचारतं, बाय? तुमच्या बिल्डिंगीतल्यांना विचारला."

खरंच होतं. बिल्डिंगीतल्यांना विचारलं. दहा वर्षं या गावाच्या उंबऱ्याशी राहून आम्हाला यांच्या रडण्याची रीत माहीत नाही. ढोलकी वाजली की खिडक्या लावतो, हळद असली की तक्रार करतो. आणि मयताला मात्र कान देऊन ऐकलं, तेही सही करायला.

गोजरा सुटायची तर ज्योतिबा कशानं गेला ते कळायला हवं. मारायची धमकी दिलेला माणूस गावात एकच होता, त्याचा चुलतभाऊ शिवराम. आठच दिवसांपूर्वी शेतजमिनीच्या बदल्यात मिळणाऱ्या साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवरून आमच्या गेटवर भांडण झालं होतं. शिवराम सगळ्यांदेखत ओरडला होता, "तुला खाडीत गारल्याशिवाय पानी नाय प्यानार!" खाडीत गाडायची ही धमकी मी स्वतः ऐकली होती.

मी त्याच्या दारात जाऊन सरळ विचारलं. "शिवराम, तू ज्योतिबाला मारलंस?"

तो भिंतीला टेकून बसला होता. दाढी वाढलेली. माझ्याकडे बघितलं आणि एकाएकी हमसून रडायला लागला, एवढा आडदांड माणूस. आतून त्याची बायको म्हणाली, "बाई, ते मना रोज खारीन गारतान. बैलाला पन गारतान."

दुर्गाबाई माझ्या मागोमाग आली होती. ती म्हणाली, "यो बोलतो त्या खरा असता तर अर्धा शिरवना खारीन असता."

बरोबर. ज्या माणसाची रोजचीच बोली धमकीची, त्याच्या धमकीला किती वजन द्यायचं? मी स्वतः ऐकलेलं वाक्य उराशी धरून आले होते आणि माणूस कोण आहे हे विचारलंच नव्हतं. मी त्या आठजणांपेक्षा काही फार शहाणी नव्हते.

शिवरामनं डोळे पुसले. "मीच त्याला उचलून पोलिसांच्या गारीत घातला बाई. मीच संध्याकाली आंघोल घातली. त्याचा लेंगा गुडग्यापरत वला व्हता. ओट्यावर निजला व्हता म्हनतान, ओटा तर कोरडा. आन उजव्या हाताच्या पंजाला असा डाग व्हता, बारीक, काला."

"हे डॉक्टरला, पोलिसांना सांगितलंस?"

"सांगाय गेलो. हवालदार बोलला, तू बाजूला व्ह, तुजीच चौकशी करायची हाय."

मी तिथेच उभी राहिले. फेब्रुवारीचा महिना. पाऊस नाही, दव नाही, ओटा कोरडा. आणि त्या सकाळी तर आमच्या अख्ख्या सोसायटीत थेंबभर पाणी नव्हतं. मग हा माणूस गुडघ्यापर्यंत भिजला कुठे?

४

घरी आले. जिन्याखाली नोटीस बोर्ड. कालची नोटीस अजून तिथेच होती.

'आपल्या सोसायटीचे कर्मचारी श्री. ज्योतिबा यांचे आज दुःखद निधन झाले. त्यांच्याविषयी आदर म्हणून आज पाणी सोडले जाणार नाही. पंपरूमला कुलूप लावले आहे. — सचिव.'

काल मी ही नोटीस वाचली होती आणि मान हलवली होती. आज पुन्हा वाचली आणि अंगाचा तिळपापड झाला.

आदर म्हणून पाणी बंद? अरे, कुठल्या गावात, कुठल्या जातीत मयताच्या दिवशी पाणी तोडतात? मयताला जाऊन आलेला माणूस आधी न्हाणीघर गाठतो, मग उंबरा ओलांडतो. त्या दिवशी तर शेजारची माणसं बादल्या भरून ठेवतात. ज्योतिबाला बघून वर गेलेली आमची माणसं काल टॉवेल खांद्यावर टाकून टँकरची वाट बघत बसली होती, आणि वर म्हणत होती की सेक्रेटरी किती भला! दुखवटा, आदर, असे जड शब्द समोर आले की आमच्या अकलेला सुट्टी मिळते.

पण माझा नुसता राग पुरावा होत नाही. सोसायटीच्या सभांचं इतिवृत्त मीच लिहिते, त्यामुळे कागदांचं कपाट माझ्याकडे. जुन्या नोटिसांची फाईल काढली. पंच्याण्णव साली नंदिनीचे सासरे गेले, तेव्हाची नोटीस: 'अंत्ययात्रेहून परतणाऱ्यांच्या सोयीसाठी आज पाणी दुपारी दोनपर्यंत चालू राहील.' शहाण्णव साली देवस्थळींची स्वतःची आई गेली: 'आज पाणी दिवसभर चालू राहील.' दोन्हींखाली सही सुधीर देवस्थळींची. आईच्या वेळी जो आदर सुचला नाही तो वॉचमनच्या वेळी सुचला?

म्हणजे काल पंप लावायचाच नव्हता. पंपाला कोणी हात लावायला नको होता.

मग मी इतिवृत्ताची वही उघडली. का उघडली ते मला आतून कळत होतं, आणि उघडायची हिंमत होत नव्हती. ऑक्टोबरची सभा. माझंच वळणदार अक्षर.

'पंपचालक श्री. ज्योतिबा यांनी सभेपुढे येऊन पंप चिंबोरीसारखा चावतो असे सांगितले. (हशा.) सचिवांनी त्यांना कामावर येताना घेऊन न येण्याची सूचना केली. (हशा.) विषय संपला.'

घेऊन म्हणजे दारू घेऊन. ज्योतिबा थेंबाला शिवत नव्हता. पण खाडीकाठचा माणूस, विजेच्या धक्क्याला दुसरं काय म्हणणार? चिंबोरी, म्हणजे खेकडा, धरताना बोटाला जो चटका बसतो तोच त्याला माहीत. त्यानं त्याच्या भाषेत अगदी नेमकं सांगितलं होतं. आणि मी? उपमा अलंकाराची व्याख्या मी पोरांकडून घोकून घेते, चुकलं तर छडी मारते, आणि एक माणूस जिवावर बेतलेलं उपमेत सांगत होता तेव्हा मी कंसात 'हशा' लिहीत होते. मी हसलेही होते. चांगली खळखळून.

वही पदराखाली घेतली आणि जिना उतरले. कारण एका गोष्टीची खात्री करायची राहिली होती. चावणारा पंप आज सकाळी पुन्हा चालू झाला होता आणि कोणालाच चावला नव्हता, म्हणजे मधे कोणीतरी तो दुरुस्त केला होता.

५

आमच्या सोसायटीची विजेची कामं प्रसाद करतो. स्टेशनकडच्या मार्केटमध्ये त्याचं दुकान. मला बघताच त्यानं स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला.

"प्रसाद, काल आमच्या पंपाचं काय काम केलंस?"

"रूटीन होतं मॅडम. अर्थिंगची वायर नवीन टाकली."

"जुनीला काय झालं होतं?"

मी काउंटरवर वही ठेवली आणि ऑक्टोबरचं पान उघडलं. "वाच. हे माझं अक्षर आहे. मी हसले होते. तू नको हसूस. गोजराबाईला उद्या कोर्टात नेतायत."

त्यानं वाचलं. खुर्चीवर बसला. "जुनी वायर तुटलेली होती. कधीची कोण जाणे. मोटरच्या बॉडीत करंट उतरला होता. खाली वॉल्व्ह गळतो, पायाखाली पाणी. मी बोललो देवस्थळी सरांना, कोणाला लागलं असतं म्हणजे? ते बोलले, नाही रे, आधीच काळजी घेतोय. मला काय माहीत मॅडम! मला तर त्यांनी सांगितलं, वॉचमन रात्री जेवून झोपला तो उठलाच नाही. टेन्शन नको म्हणून मी पण विचारलं नाही."

"तुला बोलावलं कधी? पोलीस गेल्यावर?"

"नाही. काम केलं अकराला, पण फोन आला पहाटेच. पावणेसहाला. आईनं उचलला, मला उठवलं, मी शिव्या घातल्या एवढ्या लवकर कोण म्हणून."

"पावणेसहा? नक्की?"

"आईला विचारा. पाणी भरायला उठली होती. आमच्याकडे साडेपाचला येतं, सहाला जातं."

पावणेसहा. आणि देवस्थळी गल्लीभर सांगत होते की साडेसहाला फिरून आलो तेव्हा प्रथम पाहिलं.

"हे लिहून देशील?" मी विचारलं.

प्रसादनं दुकानाच्या पाटीकडे बघितलं, मग बाहेर रस्त्याकडे. आमची सोसायटी त्याचं मोठं गिऱ्हाईक. "मॅडम, माझा धंदा जाईल."

"जाईल," मी म्हटलं. "त्या पोरीचा बाप गेलाय. आता आजी जाईल."

त्यानं बिलाचं पुस्तक ओढलं, कोरं पान उलटं केलं आणि लिहायला लागला. मग टेबलाखालून जुन्या वायरचं जळकं वेटोळंही काढून दिलं.

६

संध्याकाळी सात वाजता पार्किंगमध्ये तातडीची सभा लावली. फौजदारालाही मीच बोलावलं. तो मागे खुर्ची घेऊन बसला. आठही साक्षीदार होते. देवस्थळी टेबलामागे.

"वैदेहीताई, विषय काय आहे?" त्यांनी हसून विचारलं.

"वाचन," मी म्हटलं. "तीन वाक्यं वाचायची आहेत. पहिलं, 'मीच तुला मारला रं.' हे आपण सगळ्यांनी ऐकलं आणि अक्षरशः खरं मानलं. शिरवण्यात प्रत्येक आई मुलाच्या प्रेतावर हेच म्हणते. नवरा सापानं गेला तेव्हाही गोजराबाई म्हणाल्या होत्या की मीच डसले. गावातल्या कोणालाही विचारा. एक माणूस गावात गेला का विचारायला?"

नंदिनी चपलेकडे बघत होती.

"दुसरं वाक्य, 'आदर म्हणून आज पाणी सोडले जाणार नाही.' हे आपण शोभेचं मानलं. ऊर भरून आला आपला! नंदिनी, तुझे सासरे गेले तेव्हा पाणी बंद होतं?"

"नाही," ती पुटपुटली. "उलट दोनपर्यंत सोडलं होतं."

"सुधीरराव, तुमच्या आईच्या वेळी?"

देवस्थळींचं हसू गेलं. "तुम्ही मराठीच्या शिक्षिका. शब्दांचा कीस पाडायची सवय तुम्हाला. मला त्या वेळी जे सुचलं ते लिहिलं."

"नाही. जे लपवायचं होतं ते लिहिलंत. पंपाला कोणी शिवू नये म्हणून लिहिलंत. नंदिनी बटण दाबायला निघाली तेव्हा तुम्ही किंचाळलात, कारण तिचाही जीव गेला असता, हे या सगळ्या सोसायटीत फक्त तुम्हाला ठाऊक होतं. ते कसं ठाऊक होतं?"

"मी... मला अंदाज..."

"तिसरं वाक्य ऐका. 'पंप चिंबोरीसारखा चावतो.' चार महिन्यांपूर्वी, याच जागी. हे आपण विनोद मानलं. सगळे हसलो. लिहून ठेवलंय मी, कंसात, माझ्या हातानं. तो मेला तेव्हा त्याचा लेंगा गुडघ्यापर्यंत ओला होता आणि तळहातावर डाग होता. ओट्यावर कुठून आलं पाणी? तो पंपरूममध्ये मेला. त्याला कोणीतरी ओढून ओट्यावर आणलं, चादर घातली, आणि डबा उशाशी ठेवला. हा प्रसादचा लेखी जबाब. ही त्याची जळकी वायर. सुधीररावांचा फोन त्याला पहाटे पावणेसहाला आला."

फौजदार उठून पुढे आला. देवस्थळी टेबलाची कड धरून उठले. इतका वेळ अंग चोरून बसलेला तो माणूस एकदम ओरडला, "तो मेलाच होता हो! मी मारलं नाही! पाणी आलं नाही म्हणून खाली गेलो, तर तो वॉल्व्हपाशी पडलेला. मेन बंद केला, ओढला बाहेर. संपला होता तो! नोकरी आहे माझी, मुलगी लग्नाची आहे. केस झाली असती माझ्यावर. हार्ट अटॅक म्हणून मिटलं असतं. म्हातारीला विष म्हणायला मी सांगितलं होतं का?"

"नाही. तिनं रडावं तसं रडली. ते हवालदाराच्या कानात तुम्ही ओतलंत. अख्खा दिवस ती बाकावर बसलीय आणि तुम्ही चहा पीत होतात." माझा आवाज फाटला होता, पण मला थांबायचं नव्हतं. "आणि मेला होता हे तुम्हाला कोणी सांगितलं? समोर रस्त्यापलीकडे डॉक्टर राहतात. तुम्ही डॉक्टरला फोन केला नाहीत, सुधीरराव. तुम्ही वायरमनला केलात!"

देवस्थळी खाली बसले आणि त्यांनी चेहरा झाकून घेतला.

फौजदारानं माझ्या हातातली वही मागितली. मी दिली. "यात तुमचंही नाव येईल मॅडम," तो म्हणाला. "तक्रार सभेपुढे आली होती, लिहून घेणाऱ्या तुम्ही."

"येऊ दे," मी म्हटलं. "यायलाच हवं."

७

गोजराला त्याच संध्याकाळी सोडलं. पुढे डॉक्टरांनी डागाबद्दल ऐकून मत दिलं, केस उभी राहिली, ती आता चालेल तेवढी वर्षं चालेल. आठजणांनी सह्या मागे घेतल्या. नंदिनी माझ्याकडे येऊन रडली. मी तिला चहा दिला, बाकी काही दिलं नाही.

दहाव्याला मी शिरवण्याला गेले. घर बायकांनी भरलेलं. दुर्गाबाईनं सूर लावला, मागून बाकीच्यांनी धरला. सगळ्या गोजराकडे बघत होत्या. या गावात मयताला तिच्यासारखं कोणी रडत नाही असं म्हणतात. चार गावांतून तिला बोलावणं येतं.

गोजरा भिंतीशी बसली होती. ओठ हलत होते, पण आवाज बाहेर येत नव्हता. दुर्गाबाईनं तिला हलवलं. "बोल गो. रड. माती झाल्यापासनं तू पोराला रडली नाय."

गोजरानं मान हलवली. दाराकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं. मग मला बघून उठली, माझा हात धरून मागच्या पडवीत घेऊन गेली. तिथे उन्नतीचं दप्तर होतं. तिनं त्यातली वही आणि पेन काढलं आणि माझ्या हातात दिलं.

"बाय, तू शिकलेली हायस," ती हळू आवाजात म्हणाली. "काय बोलून रडलेला चालंल त्या लिवून दे. पोर मना वाचून दावंल. तसाच रडन."

तीस वर्षं मी पोरांना निबंध लिहून दिलेत, भाषणं लिहून दिलीत, निरोपाची पत्रं लिहून दिलीत. त्या दिवशी पेन हातात धरून उभी राहिले, आणि ती म्हातारी मी काय लिहिते म्हणून माझ्या तोंडाकडे बघत राहिली.